बोरखेड्याला पर्यटक हवेत

९ जानेवारी १९८९, सोमवार

ही वही खरं तर शाळेच्या खेळसाहित्याची नोंद ठेवायला घेतली होती. पण दोन फुटके व्हॉलीबॉल, एक भाला आणि चार उड्यांच्या दोऱ्या एवढंच साहित्य असल्यावर नोंद पहिल्या पानाच्या निम्म्यावरच आटोपली. बाकीची पानं वाया कशाला घालवायची, म्हणून आजपासून रोजनिशी.

आज शाळेच्या कामाने भडगावला गेलो होतो. पंचायत समितीच्या फळ्यावर एक परिपत्रक लावलेलं दिसलं. त्याच्या कोपऱ्याला कुणीतरी चुन्याचं बोट पुसलेलं. 'पर्यटनस्थळी स्पर्धात्मक क्रीडासोहळे भरविणाऱ्या संस्थांना अनुदान.' पंधरा हजारांपर्यंत! मी ते तीनदा वाचलं आणि शेवटी शिपायाची नजर चुकवून खिशात घातलं. तसंही तिथे ते कुणी वाचणार नव्हतं.

अठरा वर्षं मी बोरखेड्याच्या हायस्कुलात खेळ शिकवतोय. आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ दोनदा जिल्ह्यात दुसरा आला. पण दरवेळी दुसऱ्याच्या गावी जाऊन, दुसऱ्याच्या मैदानावर. त्यांना खेळताना त्यांच्या आईबापांनी एकदाही पाहिलेलं नाही. मग दहावी झाली की खेळ बंद. सांगायला गेलो तर बाप म्हणतो, "कबड्डी काय कामनी, सर?" एकदा आपल्या गावात मोठी स्पर्धा झाली पाहिजे, हे माझं फार दिवसांचं म्हणणं आहे. आता सरकारही तेच म्हणतंय.

१५ जानेवारी, रविवार

अर्ज लिहिला. चार पानं. असा अर्ज तालुक्यात आजवर कुणी लिहिला नसेल, हे माझं मत आहे आणि ते मी कुंदाला बोलूनही दाखवलं. ती भाकरी थापत होती. "बरं," म्हणाली.

अडचण एकच होती, पर्यटनस्थळ. आमच्या गावाला गिरणेच्या काठावर महादेवाचं देऊळ आहे. मी लिहिलं, 'प्राचीन देवालय व रम्य नदीकिनारा'. नदीत सध्या म्हशी बसतात, पण म्हशी अर्जात लिहायची गरज नसते.

परिपत्रकात म्हटलंय की पर्यटनाचा हंगाम नसताना भरवलेल्या सोहळ्याला प्राधान्य. म्हणून तारखा धरल्या ५, ६, ७ मे. शाळेला सुटी, मैदान मोकळं. खान्देशात मे महिन्यात हंगाम नसतो हे सिद्ध करायला कुठला दाखला जोडावा लागणार नाही. खेळ सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी दिव्यांत. कुंदा म्हणाली, "आठ तारीखले आखाजी शे, माहीत शे ना?" आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आम्हा खान्देशी माणसांना दिवाळीहून मोठी, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. मी म्हटलं, स्पर्धा आदल्या दिवशी संपते, आखाजीचा काही संबंध नाही. तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

२३ जानेवारी, सोमवार

धुळ्याला जाऊन आलो. पर्यटनाच्या कार्यालयात या योजनेचं टेबल रतिलाल नावाच्या साहेबांकडे आहे. बारीक माणूस, अंगात हातविणीचा स्वेटर. त्यांनी चारही पानं माझ्यासमोर वाचली. सरकारी कचेरीत कुणी आपलं लिहिलेलं पूर्ण वाचतं, हा अनुभवच नवीन होता.

"देवालय प्राचीन म्हणता. किती?"

"खूप," मी म्हटलं. आमचे सरपंच अभिमन आबा सांगतात की ते त्यांच्या आजोबांनी बांधलं. हे मी सांगितलं नाही.

"मुक्कामाची सोय? गावात लॉज किती?"

"लॉज नाही. घरं आहेत. दोनशे बारा."

साहेबांनी चष्मा काढला. "घरात उतरलेला माणूस पर्यटक कसा होईल, सर?"

"राहील, जेवेल, भाडं देईल. झाला की पर्यटक!"

यावर ते हसले नाहीत, पण कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाले, प्रत्यक्ष पाहणी होईल. कमीत कमी शंभर पर्यटक मुक्कामी दिसले पाहिजेत, आणि घरमालकाच्या सहीची भाड्याची पावती प्रत्येकामागे पाहिजे. त्याशिवाय मंजुरी नाही. मी म्हटलं, त्याची काळजी सोडा. अर्जावर लाल शिक्का बसला. आवक क्रमांक ३१७.

संध्याकाळी एस.टी.तून उतरलो तर आबा फाट्यावरच उभे. "सर, काम व्हयनं का?"

दिवसभर हाडं खिळखिळी झालेली, खिशात शिक्क्याचा कागद. बोलून गेलो, "व्हयनं समजा, आबा."

त्यातला 'समजा' आबांनी तिथेच फाट्यावर टाकला आणि 'व्हयनं', म्हणजे 'झालं', तेवढं गावात नेलं. मी हातपाय धुऊन जेवायला बसलो तोवर दवंडी फिरली होती. अनुदान मंजूर, गावात पोरींची मोठी कबड्डी! लोक घरी येऊन माझा हात हातात घेऊन गेले. उद्या सकाळी आबांना नीट सांगायला हवं की हा नुसता अर्ज दाखल झालाय.

४ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं नाही. रोज 'उद्या' म्हणतो. आता तर बारा संघांना निमंत्रणंही गेली. जळगाव, धरणगाव, धुळे, दीपनगर, सगळीकडे. दीपनगरच्या वीज वसाहतीतून तर उलट टपाली होकारही आला. तिथल्या मुली म्हणजे दांडग्या, मागच्या वर्षी त्यांनीच आम्हाला हरवलं.

प्रामाणिकपणे लिहायचं तर मला भीती वाटते. मंजुरी आली नाही तर स्पर्धा होणार नाही, ते एक वेळ सोसेन. पण या गावात माझ्या शब्दावर पोरींना बाहेरगावी खेळायला पाठवतात. सर खोटं बोलले असं एकदा झालं की पुढच्या वर्षी एकही बाप पोर माझ्यासोबत पाठवणार नाही. अठरा वर्षं पाण्यात.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

आमचा पोस्टमन तोताराम हा माणूस पोस्टकार्डं वाटण्याआधी वाचतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हल्ली तो शाळेच्या फाटकाशी सायकल थांबवून मला ओरडून सांगतो, "सर, धुयाथून आज बी काय उनं नही!"

आज मी चिडलो. म्हटलं, "मी कुठे धुळ्याची वाट बघतोय? दीपनगरच्या पत्राची बघतोय."

"ते ते पंधरा दिन पहिलेच उनं ना, सर." माझ्याकडे जरा बघत राहिला, मग घंटी वाजवून गेला. माणूस भोळा आहे म्हणून बरं. दुसरा असता तर त्याला संशय आला असता.

२ मार्च, गुरुवार

नवल आहे. आबा घरी आले आणि म्हणाले, "सर, स्पर्धाले पाच पोता गहू मना." मी म्हटलं, आबा, अनुदान असताना तुमचा गहू कशाला? तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. सरकारना पैसा उना ते शायेवर पत्रा टाकसूत."

आणि आबा एकटेच नाहीत. कुणी मांडवाचं कापड देतो म्हणतोय, कुणी केळी. किराणावाल्या छगनने गूळ आणि तेल कबूल केलं, ज्या छगनने आजवर शाळेच्या झेंड्याला सुतळी फुकट दिली नव्हती! सरकारी मदत येणार म्हटल्यावर माणसं कशी मोकळ्या हाताने पुढे येतात ते दिसलं. एका अर्जाने गावाची वृत्ती बदलली म्हणायचं.

मात्र हे पाहून मी रात्रीच धुळ्याला स्मरणपत्र लिहायला बसलो.

१९ मार्च, रविवार

दुपारी घरात पंधरा-वीस बाया जमलेल्या. कुंदा मध्ये बसलेली. मला वाटलं भिशी असेल. पण त्या पोरी वाटून घेत होत्या! कुणाकडे चार, कुणाकडे सहा. कुंदाने वहीत लिहिलंसुद्धा. मी म्हटलं, एवढी घाई काय, मुक्कामाची व्यवस्था मी समितीत ठरवणार आहे. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "तुम्ही ठरावा, सर. आम्ही बी ठरावतस."

तानुबाई अक्का दाराशी उभी होती. अक्का एकटी राहते. तिची एकुलती एक लेक नऊ वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात गेली. तेव्हापासून आखाजीच्या दिवशी अक्का घराला कुलूप लावून भल्या पहाटे शेतात जाते, ती अंधार पडल्यावर येते. सगळ्यांच्या घरी लेकी झोके खेळत असतात, ते तिला बघवत नाही. कुणी तिला पोरींबद्दल विचारलंही नव्हतं.

तीच म्हणाली, "माले दोन द्या."

कुंदाने वहीत लिहिलं आणि नुसतं म्हणाली, "दीपनगरन्या दोन, अक्का. उंच्या शेतस, जेवाले बी जास्त लागी."

"लागू दे," अक्का म्हणाली.

हे मला आवडलं. पण एक बारकावा बायांच्या ध्यानात येत नाही. हे पर्यटक आहेत. पर्यटक वाटून घेत नसतात. त्यांना खोली भाड्याने द्यायची असते.

३ एप्रिल, सोमवार

धुळ्याला दोन स्मरणपत्रं झाली. भडगावच्या पोस्टातून ट्रंककॉल लावला, तो दीड तासाने लागला आणि पलीकडून कुणीतरी 'साहेब दौऱ्यावर' एवढं म्हणून ठेवून दिला.

मग मी सरळ आबांकडे गेलो. आज सगळं ओकून टाकायचंच. "आबा, त्या अनुदानाचं जरा..." एवढं म्हटलं तोच आबा उठले, "आरे, सरसले ताट वाढा!" मी नको नको म्हणतोय तर पाटावर बसवलंच. जेवणात आबा केळीच्या पाण्याबद्दल बोलत राहिले. हात धुतल्यावर परत सुरुवात केली, तर त्यांना अचानक शेतात जायची आठवण झाली. अशी ही तिसरी वेळ. म्हातारपणात माणसाचं लक्ष टिकत नाही हेच खरं.

२० एप्रिल, गुरुवार

आलं! धुळ्याचं पत्र आलं! तोतारामने आज ओरडून सांगितलं नाही. शाळेच्या पायऱ्या चढून आला आणि हातात दिलं. मंजुरी नाही, पण नकारही नाही. रतिलाल साहेब ६ मेला पाहणीला येणार. पर्यटकांचा मुक्काम व पावत्या समाधानकारक आढळल्यास मंजुरी देण्यात येईल.

म्हणजे सगळं एका दिवसावर आलं. शंभर पर्यटक दिसले की मी कधी खोटं बोललोच नव्हतो असं होईल. आज तीन महिन्यांनी पोटभर जेवलो.

२६ एप्रिल, बुधवार

पावत्या छापून घेतल्या. 'पर्यटकाचे नाव, मुक्काम, आकारलेले भाडे, घरमालकाची सही.' घरोघर जाऊन दिल्या आणि समजावलं की भाडं खरोखर घ्यायचं नाही, दर माणशी एक रुपया लिहायचा आणि सही करायची, बस. सगळ्यांनी माना डोलावल्या. पावत्या घेतल्या, नीट घडी घातल्या. आमचं गाव समजूतदार आहे.

५ मे, शुक्रवार

एकशे बेचाळीस मुली आणि एकवीस मार्गदर्शक! सकाळपासून फाट्यावर एस.टी. येतेय आणि मुली उतरताहेत. मी यादी घेऊन उभा होतो. यादीचं कुणी ऐकलं नाही. बाया आल्या, जिने तिने आपापल्या मुली ओळखून काढल्या, पिशव्या घेतल्या आणि चालू लागल्या. उंबऱ्यात पायांवर पाणी घालून भाकरतुकडा ओवाळून घरात घेतलं. भुसावळच्या एका मार्गदर्शकांनी मला हळूच विचारलं, "सर, हे तुमच्याकडे सगळ्या स्पर्धांना करतात?" मी म्हटलं, ही आमची पहिलीच आहे.

ऊन मी म्हणत होतं. पण संध्याकाळी साडेसहाला शिट्टी वाजवली तेव्हा मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. आमच्या मुली धरणगावच्या संघाला हरवून पुढच्या फेरीत गेल्या. कबड्डी काय कामाची विचारणारे दोन बाप पुढच्या रांगेत उकिडवे बसलेले होते. एक तर पंचांशी भांडला.

६ मे, शनिवार

हा दिवस लिहावासा वाटत नाही, पण लिहितो.

रतिलाल साहेब दहाच्या गाडीने आले. आल्याबरोबर म्हणाले, "मैदान नंतर. आधी मुक्काम." मी त्यांना सरळ आबांच्या घरी नेलं. ओट्यावर सहा मुली रसाचे आंबे माचत, म्हणजे दाबून मऊ करत बसलेल्या.

"आपल्याकडे किती पर्यटक उतरलेत?" साहेबांनी वही उघडली.

"एक बी नही," आबा म्हणाले.

मी खोकलो. साहेबांनी मुलींकडे बोट केलं. "या?"

"ह्या मन्या भाच्या."

"भाडं किती घेतलं?"

आबांचा चेहरा बदलला. "भाडं? पोरीसकडथून? साहेब, तुमना गावले आखाजीले उनेल पोरीसकडथून भाडं लेतस का?"

साहेब म्हणाले, नाही घेत. आणि वहीत लिहिलं.

दुसऱ्या घरी पावत्या सापडल्या. कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्याखाली. तिसऱ्या घरी चार पुतण्या. चौथ्या घरी म्हातारा म्हणाला, मुलींचं आजोळ हेच. धुळ्याच्या मुलींचं! मी मागून खुणा करून थकलो. हात जोडले, डोळे वटारले. लोक माझ्याकडे बघून प्रेमाने हसत होते.

अक्काच्या घरी दीपनगरच्या दोघी होत्या. उंच मुलगी पाय पसरून बसलेली आणि अक्का तिच्या घोट्याला हळद लावत होती. काल पाय मुरगळला म्हणे. साहेबांनी विचारलं, "आजी, या पर्यटक ना?"

"ते काय ऱ्हास?"

"बाहेरून आलेले, भाडं देऊन राहणारे."

"मंग नही. ह्या मन्या पोरी शेतस. आखाजीले माहेरले उन्यात."

मी अक्काला बाजूला घेतलं. म्हटलं, अक्का, नुसता एक अंगठा दे. एवढ्यावर सगळं अडलंय. ती म्हणाली, "सर, तुमनाकरता काय बी करसु. पन पोरीसनं भाडं लिधं असा अंगठा मी देवाव नही."

शेवटचा आधार म्हणून साहेबांना स्वतःच्या घरी आणलं. माझ्या घरी चार मुली, निदान चार पावत्या तरी होतील. कुंदा सरबत घेऊन आली. साहेबांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "हे आमचे चार पर्यटक."

"काय बी सांगतस," कुंदा साहेबांना म्हणाली. "मन्या बहिणीन्या पोरी शेतस ह्या."

कुंदाला बहीण नाही.

एकशे त्रेसष्ट माणसं मुक्कामी आणि पर्यटक शून्य! एका गावाने मिळून मला बुडवलं, आणि तेही लाड करून. साहेब रात्री आबांकडेच जेवायला आणि झोपायला राहिले. मला जेवण गेलं नाही. कुंदाशी बोललो नाही.

७ मे, रविवार

उपांत्य सामन्यात आमच्या मुली एका गुणाने हरल्या. सगळं गाव हळहळलं, पण मला तेव्हा ते नीट लागलंही नाही. मी साहेबांच्या वहीकडे बघत होतो.

संध्याकाळी अंतिम सामना, दीपनगर विरुद्ध धुळे. आखाजीच्या आसपास आमच्याकडचा पुरुष पत्त्यांच्या डावावर बसला की त्याला घर पेटलं तरी उठवता येत नाही. पण पारावरचे तिन्ही डाव मोडून माणसं मैदानावर आली. शेवटच्या मिनिटाला अक्काकडची ती उंच मुलगी, सुजल्या पायाने, चढाईला गेली. तिघींनी धरली तरी मधल्या रेषेपर्यंत पोहोचली. बोटाच्या टोकाने रेष शिवली. दीपनगर जिंकलं. अक्का खुर्च्यांच्या रांगा ओलांडून आत शिरली आणि तिला म्हणाली, "पाय दखाड पहिले!"

बक्षिसं झाली. साहेब रात्रीच्या गाडीने जाऊ म्हणत होते, त्यांना उद्याच्या सणासाठी ठेवून घेतलं. मांडवात मी आणि आबा दोघंच उरलो. मग मात्र मी वाट पाहिली नाही. एका दमात बोललो. अनुदान कधी मंजूर झालंच नव्हतं. नुसता अर्ज होता. मी चार महिने तुम्हाला सगळ्यांना फसवलं.

आबा विडी पेटवत होते. "माहीत शे, सर."

"कधीपासून?"

"तोतारामनी माघ महिनामाच सांगं. सर रोज पत्रानी वाट दखतस, पत्र येत नही. मंग काय समजानं ते समजनूत. म्हनीसन गहू काढा, कापड काढं. बायासनी पोरी वाटी लिध्यात."

"मग मला बोलू का दिलं नाहीत? तीनदा आलो होतो मी!"

"तीनदा उनात, तीनदा जेवाडं," आबा म्हणाले. "तुम्ही सांगतात, आनि सांगी दिधं की स्पर्धा बंद करी देतात. तुमना सोभाव माहीत नही का आमले?"

मला राग आला. खरंच आला. चार महिने मी एकटा आत जळत होतो आणि अख्खं गाव मला जेवू घालत होतं. मग राग कुठे गेला कळलं नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून बसलो आणि मला रडू आलं. आबांनी दुसरीकडे बघत विडी संपवली.

घरी आल्यावर कुंदाला विचारलं, तुलाही माहीत होतं? ती म्हणाली, "तुम्ही झोपमा 'आवक क्रमांक तीनशे सतरा' करतस. दवंडी व्हयनी ते दिनपासून."

मग तिने ताट वाढलं आणि मी दोन्ही वेळचं जेवलो.

८ मे, सोमवार. आखाजी

बरेचसे संघ काल-परवा गेले, पण दीपनगरच्या मुली राहिल्या. वसाहतीत ठिकठिकाणची माणसं, तिथे आखाजी नसतेच. आज त्यांनी खापरावरची पुरणपोळी पहिल्यांदा पाहिली. तिचा आकार बघून एकीने विचारलं, ही अंथरायची का!

दुपारी मुद्दाम अक्काच्या घरावरून गेलो. कुलूप नव्हतं. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला. उंच मुलगी, पाय बांधलेला, झोक्यावर, आणि अक्का झोका देत होती. गाणं म्हणत होती. मला पाहून थांबली नाही.

रतिलाल साहेब रस खाऊन आबांच्या ओट्यावर घोरत होते. ते निघाले तेव्हा आबांनी त्यांच्या खांद्यावर मानाचा टॉवेल घातला. मी फाट्यापर्यंत सोबत गेलो. साहेब म्हणाले, "सर, मी जे पाहिलं तेच लिहीन. दुसरं मला लिहिता येत नाही." मी म्हटलं, तेच लिहा. आणि ते म्हणताना मला अजिबात जड गेलं नाही.

२३ जून, शुक्रवार

दुपारी तोताराम आला तो फाटकाशी थांबला नाही. पत्र हातात उंच धरून थेट चावडीकडे गेला, "धुयानं उनं! सर, धुयानं उनं!" मी पोहोचेपर्यंत माणसं जमली होती. पाकीट मात्र त्याने फोडलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. आबा म्हणाले, वाचा मोठ्याने.

ज्या क्षणाला मी चार महिने भ्यालो, तो हाच. सगळं गाव समोर बसलेलं आणि माझ्या हातात नकार. मी घसा साफ करून वाचलं.

'विषयांकित स्पर्धेची प्रत्यक्ष पाहणी केली असता ती उत्तमरीत्या पार पडल्याचे दिसून आले. तथापि, मुक्कामी असलेल्या एकशे त्रेसष्ट व्यक्तींपैकी एकही व्यक्ती पर्यटक असल्याचे आढळून आले नाही. सबब अनुदान मंजूर करता येत नाही. घरनिहाय तपशील सोबत जोडला आहे.'

मी मान वर केली. कुणाचा चेहरा पडला नव्हता. छगन म्हणाला, "बरोबर शे. खोटं काय लिखं त्याम्हा?" आबा म्हणाले, पुढच्या वर्षी गहू सात पोती लागेल, आत्ताच सांगून ठेवतो.

मग सगळ्यांना तपशील ऐकायचा होता. तीन पानं होती, वरून खालपर्यंत टंकलेली, प्रत्येकावर कार्यालयाचा गोल शिक्का. अभिमन आबा, भाच्या सहा. आजोळी आलेल्या मुली पाच. पुतण्या चार. कुंदाबाई, बहिणीच्या मुली चार. आपलं नाव आलं की माणसं मान हलवायची आणि शेजाऱ्याकडे बघायची. मी वाचत दुसऱ्या पानाच्या मध्यावर आलो.

'श्रीमती तानुबाई. कन्या दोन. आखाजीनिमित्त माहेरी.'

पुढचं नाव वाचणार तोच मागून अक्काचा आवाज आला. ती बायांच्या मागे, भिंतीला धरून उभी होती.

"सर, सरकारनी तसं लिखं शे?"

"लिहिलंय, अक्का."

"शिक्का शे?"

मी पान तिच्याकडे फिरवून शिक्का दाखवला. बाया बाजूला झाल्या. अक्का पुढे आली, शिक्क्यावर बोट ठेवून जरा वेळ बघत राहिली. तिला वाचता येत नाही.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं.